मोनोची सुई

१

डॉक्टरांचा रविवार ठरलेला असे. सकाळी दवाखान्याची हत्यारं उकळून ठेवायची, जेवण झालं की बैठकीच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, हात धुवायचे आणि मग रेकॉर्डच्या कपाटापाशी जायचं. हात असे धुवायचे, जणू आता कुणाची अक्कलदाढ उपटायची आहे. डॉक्टर दातांचेच होते, त्यामुळे बारीक कामाची सवय. तबकडी काठाने धरणार, मऊ ब्रशने पुसणार, श्वास रोखून सुई ठेवणार, आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटणार. एकदा डोळे मिटले की दाराची घंटा वाजली तरी हा माणूस उठायचा नाही. दुखऱ्या दाढेचा पेशंट गाल धरून पायरीवर बसून राही.

रेकॉर्डी सगळ्या जुन्या, आईच्या वेळच्या, मोनो. त्यातली आईची सगळ्यांत लाडकी जी होती, तिच्यात आता गाणं कमी आणि खरखर जास्त झाली होती. डॉक्टरांना खरखर खपत नसे. कुठलीच. घरात कोणी आवाज चढवला की त्यांच्या पोटात गोळा यायचा, आणि तो येऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यभर फार मेहनत घेतली होती. लग्नसुद्धा केलं नाही. माणूस वाईट नव्हता हो, पण शांततेपुढे त्याला काही दिसायचं नाही.

तर नवीन कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो ठोकळा, निवडायचं म्हणून त्यांनी दुकानदार अण्णांचं डोकं खायला सुरुवात केली. अण्णा बोलके. समोर बसवून, टेबलावर बोट फिरवून समजावू लागले.

"मोनो रेकॉर्डमध्ये सुई फक्त आडवी हलते, डॉक्टर. डावी-उजवी. गाणं काय ते तेवढ्यात. खालीवर काही कोरलेलंच नसतं. तुमची सुई पडली स्टिरिओची, ती खालीवरचंही ऐकत बसते. तिथे काय असणार? धूळ, ओरखडे, वाकलेली तबकडी. फार तर खोलीची जमीन हादरली तर ते."

"मग करायचं काय?"

"दोन देतो, घरी लावून बघा. एक चांगलं स्टिरिओचंच, जाड सुईचं. त्याच्यासोबत अॅम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबायचं. आणि हे दुसरं अस्सल मोनो. खालीवरच्या बाबतीत ठार बहिरं. फक्त एक आहे, याची सुई खालीवर लवतच नाही. दणका बसला तर आवाज यायचा नाही, पण सुई धरणारा आर्म उडेल."

"बहिरं चालेल," डॉक्टर म्हणाले. "दिवसभर लोक माझ्या खुर्चीत विव्हळतच असतात."

अण्णा हसले. दोन्ही डब्या कागदात गुंडाळून त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिल्या.

२

धाकटी बहीण महिन्याभरापासून डॉक्टरांकडे होती. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे दादाच. आली ती तोंडावर रुमाल धरून. "बाथरूममध्ये घसरले," म्हणाली.

डॉक्टरांनी तिला दवाखान्याच्या खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला. आता घसरून पडलेली माणसं डॉक्टरांनी थोडी पाहिली नव्हती. त्यांच्या दाताचा कडेला टवका उडतो. हनुवटी खरचटते. तळवे सोलतात, कारण पडताना हात पुढे जातोच. धाकटीचे तळवे स्वच्छ होते. मार होता तो हाताच्या बाहेरच्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा. तोंड वाचवायला हात वर धरला की तिथेच बसतो. दात मुळापाशी आडवा तुटून आत ढकलला गेला होता, आणि हिरडीवर एक अर्धगोल चीर होती, अंगठीच्या कडेची. हे सगळं डॉक्टरांना त्या दिव्याखाली लख्ख दिसलं.

"फरशी ओली ठेवत जाऊ नका," ते पेशंटला सांगतात तसं म्हणाले. आणि सुरेख कॅप बसवून दिली. खरा दात कुठला नि खोटा कुठला, शेजारणीलासुद्धा ओळखू येईना.

पुढे एकदा कपडे वाळत घालता घालता धाकटी स्वतःच बोलली. "दादा, मला परत पाठवू नकोस. तो मला मारून टाकेल."

डॉक्टरांनी दोरीवरचा चिमटा सरळ केला. "असं रागात वाटतं गं. थोडं थोडं दोन्हीकडून असतंच."

"माझ्याकडून काय होतं?"

"बघू," डॉक्टर म्हणाले. "बघू आपण."

बघितलं काय, तर संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पुढच्या रविवारी बोलावून टाकलं. जावईबापू, म्हणजे धाकटीचा नवरा, बँकेत साहेब. आवाज मधाळ, बोलणं अदबीचं, प्रत्येक वाक्याला 'डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं.' एवढ्या नम्र माणसाला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. धाकटीला हे कळलं ते धुणं पिळताना. हातातला पिळा तिने पुन्हा बादलीत टाकला आणि वर आपल्या खोलीत निघून गेली.

३

आधी स्टिरिओचं कार्ट्रिज लावलं. त्याला मागे चार वायरी, केसाएवढ्या. प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि डॉक्टरांचा चष्मा दवाखान्यात राहिलेला. एका बाजूच्या दोन वायरी त्यांनी एकमेकींच्या जागी खुपसल्या. अशी चूक करायला माणूस हौशीच लागतो. सुई टेकवली, मोनोचं बटण दाबलं, आणि गाणारी बाईच गायब झाली.

डॉक्टर हुशार होते, त्यांना कारण लगेच उमगलं. वायरी उलट्या लागल्या की दोन बाजूंचं गाणं एकमेकांना खाऊन टाकतं. आडवं सगळं पुसलं जातं आणि उरतं ते नुसतं खालीवरचं, म्हणजे जिथे काही नसतं तेच. त्यांना गंमत वाटली. म्हटलं, बघू तरी आपल्या तबकडीत कचरा किती आहे. आवाज वाढवून ते खुर्चीत बसले.

धुळीची चरचर होती. तबकडी फिरता फिरता एक लांबट हुंकार येई, तो तिच्या वाकलेपणाचा. मग एक धप्प झालं.

ओली गादी भिंतीवर आपटावी तसं. पुन्हा झालं. नंतर काहीतरी जड सरकलं, चार पायांचं, त्याचा एक पाय फरशीवर करकरला. मग दणके सुरू झाले, आणि त्यांना ताल नव्हता. यंत्राचा आवाज असता तर तो एका चालीत आला असता. हा थांबे, दम घेई, जागा बदले आणि पुन्हा येई. कुणीतरी सवडीने मारत होतं. दोन दणक्यांच्या मध्ये फुप्फुसातली हवा एकदम बाहेर पडल्याचा आवाज होता, ज्याला किंकाळी म्हणत नाहीत कारण तेवढा श्वासच उरलेला नसतो.

आणि मग फरशीवर काहीतरी बारीक आणि कठीण पडलं. कट्ट. दोनदा उडून थांबलं.

तो आवाज डॉक्टरांना ओळखायला वेळ लागला नाही. स्टीलच्या ट्रेमध्ये रोजच तसा दात पडायचा त्यांच्या हातून. त्यांनी पटकन आर्म उचलला, आणि खोलीत इतकं शांत झालं की त्यांना स्वतःच्या घशातलं गिळणं ऐकू आलं.

४

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करून त्यांनी दुसरी रेकॉर्ड लावली. तेच. तिसरी लावली. तेच, त्याच क्रमाने. आता तीन वेगळ्या तबकड्यांत एकच मारहाण कशी असेल? म्हणजे तबकडीत नाही. डॉक्टरांना हायसं वाटलं, पण फार वेळ नाही, कारण पुढचा विचार त्यांना आपोआप सुचला. त्यांनी मोटार बंद केली. तबकडी जागच्या जागी थांबली. तिच्यावर सुई नुसती टेकवून ठेवली.

आवाज येतच राहिला.

म्हणजे जमिनीतून. अण्णा म्हणालेच होते. टर्नटेबलचं टेबल भिंतीला लागून, भिंतीला लागून जिना, जिन्यावर धाकटीची खोली. डॉक्टर भराभर वर गेले. धाकटी पलंगावर पाय दुमडून सदऱ्याचं बटण शिवत होती, त्यांच्याच सदऱ्याचं.

"काय रे?"

"काही पडलं का?"

"नाही."

खाली येऊन त्यांनी फरशीला तळहात लावला. फरशी थंड होती आणि गप्प होती. शेजारचं घर बंद. रस्त्यात खोदकाम नाही. टेबलाच्या पायांखाली त्यांनी रबराचे तुकडे घातले, त्याखाली घडी घातलेली चादर घातली. सुई टेकवली की ते पुन्हा सुरू, उलट जरा जवळून. डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली. नळाचा पाइप असेल. कुठल्यातरी रेडिओचं नाटक वायरींत शिरलं असेल, असं होतं म्हणतात. वायरी सरळ करून टाकल्या असत्या तर प्रश्नच मिटला असता. पण दुखरा दात माणूस जिभेने चाचपत राहतो ना, तसं त्यांचं झालं. रोज दवाखाना बंद केला की दहा मिनिटं ऐकायचं. गाणं पाठ व्हावं तसं त्यांना ते पाठ झालं. आधी भिंतीवरचे दोन. मग सरकणारं फर्निचर. मग ती सवडीची मारहाण. मग मोठा थांबा. त्यानंतर शेवटचे, आणि ते मात्र सलग, दम न घेता, ओला आवाज होईपर्यंत. कट्ट तेव्हा व्हायचं.

मधला थांबा चांगला लांब होता. कुणी मनात आणलं तर जिना चढून वर जाता येईल एवढा. त्या थांब्यात बाई एकदाच बोलायची.

"दादा."

आता दादा काय, कुणीही कुणाला म्हणतं. निम्मं जग कुणाचा ना कुणाचा दादा असतं. डॉक्टरांनी हे स्वतःला अनेकदा सांगितलं. पण त्याच दिवसांत एका पेशंटच्या जिभेला त्यांच्या ड्रिलने चांगलीच जखम केली. आजवर असं कधी झालं नव्हतं. रक्त थांबेना, आणि पेशंट शिव्या देत होता तरी डॉक्टर त्या लाल तोंडाकडे पाहतच उभे राहिले.

५

शनिवारी धाकटी चहा घेऊन आली, ती नेमकी त्या थांब्यात. डॉक्टरांना दार लोटायचं भान राहिलं नव्हतं. स्पीकरमधून ती हाक आली आणि दारातल्या कपबशीचा खडखडाट झाला.

"बंद कर ते," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांनी आर्म उचलला. "वायर उलटी लागलीय गं. त्यामुळे काहीबाही ऐकू येतं."

"तो माझा आवाज आहे, दादा."

"कसा असेल? तू इथे आहेस."

"मला काय विचारतोस? मला माझा आवाज कळत नाही?" तिने कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी तुला तेव्हा हाक मारलीच नव्हती. दात तुटला त्या दिवशी मी कुणालाच हाक मारली नाही. म्हणजे हे त्या दिवशीचं नाही."

डॉक्टर ब्रशने तबकडी पुसू लागले.

"उद्या त्याला येऊ देऊ नकोस. फोन कर, सांग तब्येत बरी नाही, काहीही सांग. तुला भांडायचंही नाहीये त्याच्याशी. नुसतं नको म्हण. एवढं तरी करशील की नाही माझ्यासाठी?"

"त्यांनी सोमवारची रजाही टाकलीय," डॉक्टर पुटपुटले. "आता ऐनवेळी कसं सांगायचं. बघू."

धाकटीने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी शरमेने मेला असता. मग ती निघून गेली. डॉक्टर फोनपाशी गेले हे खरं आहे. त्यांनी तो उचललाही. पण फोन लागला अण्णांना.

"अण्णा, तुमचं ते स्टिरिओचं परत घेऊन जा. मी मोनो ठेवतो."

"आवडलं? लावून बघितलंत?"

"नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तेच ठेवतो."

त्यांनी चष्मा लावून अस्सल मोनो नीट बसवलं. आईची तबकडी लावली. आणि काय सांगावं, पडदा बाजूला सरकावा तशी ती बाई समोर येऊन गायला लागली. धूळ नाही, चरचर नाही, कुणी धापा टाकत नाही. किती वर्षांनी त्यांना आईचं गाणं असं ऐकू आलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरं पाणी.

६

जावईबापू आले ते इस्त्रीच्या कपड्यांत. बूट दाराबाहेर काढून जोडीने लावून ठेवले. डॉक्टरांच्या दवाखान्याची चौकशी केली, टर्नटेबलचं कौतुक केलं, धाकटी चहा घेऊन आली तेव्हा तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. खुर्ची सरकवताना त्यांनी तिचा दंड धरला. धरला आणि सोडला, बस. पण जिथे धरला तिथे चार बोटांचे पांढरे ठसे उमटले आणि हळूहळू लाल झाले.

"चूक माझीच होती, डॉक्टर," ते म्हणाले. "आता तुमच्यासमोर शब्द देतो."

"मला नाही जायचं," धाकटी म्हणाली. ती दादाकडे बघून म्हणाली.

"आपण दोघं जरा बोलू या का?" जावईबापू उठले. "वर तुझ्या खोलीत. बॅगही भरता येईल. चालेल ना डॉक्टर? तुम्ही म्हणाल तसं."

आता सगळं डॉक्टरांच्या एका शब्दावर आलं होतं, आणि तिघांनाही ते कळत होतं. धाकटीने खुर्चीचा हात घट्ट पकडला होता.

"बोला ना," डॉक्टर म्हणाले. "बोलल्याशिवाय कसं सुटणार?"

तिची बोटं खुर्चीवरून सुटली. जिन्यावर दोघांची पावलं वाजली, वरचं दार लागलं. डॉक्टरांनी हात धुतले, तबकडी पुसली, सुई टेकवली आणि आवाज वाढवला. बराच वाढवला.

७

गाणं स्वच्छ होतं. दुसऱ्या ओळीला आर्म उडाला.

बोटभर उडाला आणि पुन्हा खाचेत पडला. एक शब्द गेला. डॉक्टर बघत राहिले. पुन्हा उडाला. भिंतीवरचे दोन. स्पीकरमधून काही नाही, नुसती बाई गातेय. मग आर्म सलग थरथरू लागला, फर्निचर सरकतंय तोवर थरथरला, आणि त्यानंतर उड्या मारू लागला, सवडीने, थांबून, जागा बदलून. प्रत्येक उडीनंतर काय ऐकू यायला हवं ते डॉक्टरांना पाठ होतं. ऐकू काहीच येत नव्हतं.

टेबलाचा पाय हलतोय, त्यांनी मनाशी म्हटलं. रबर काढायला हवं होतं.

आर्म शांत झाला. गाणं अखंड पुढे सरकू लागलं.

थांबा आला होता.

डॉक्टर उठले, हे सांगायलाच हवं. ते दारापर्यंत गेले, जिन्याच्या तळाशी गेले, कठड्यावर हातही ठेवला. मागे गाणं इतकं मोठं होतं की वरचं काही कानावर येणं शक्य नव्हतं. वरचं दार आता थोडं उघडं होतं. अगदी खाली, जमिनीलगत, दाराच्या कडेला आतून चार बोटं धरून होती. ती बोटं दार ओढत होती. बाजूच्या फटीत, फरशीला टेकलेला, एक डोळा होता, आणि तो डॉक्टरांकडे बघत होता. त्याच फटीत तोंड हललं. एकच छोटा शब्द असावा.

बॅग भरतेय, डॉक्टरांना वाटलं. खाली बसून बॅग भरतेय.

मग बोटं दारावरून एकेक करून सुटली नाहीत, एकदम ओढली गेली. दार लागलं.

डॉक्टर खोलीत परत आले. आर्म वेड्यासारखा नाचत होता, दम न घेता, सुई गाण्यावरून फरफटत होती, आईच्या गाण्याचे लचके तुटत होते. डॉक्टरांनी आर्मच्या मागचं वजन फिरवलं, आणखी फिरवलं, सुई खाली दाबली गेली. तरी उडायचा. शेवटी त्यांनी बोटाने तो धरून ठेवला. तेव्हा बोटाखाली त्यांना सगळं लागलं, एकेक दणका, हाडापर्यंत. बोट त्यांनी काढलं नाही. काळ्या तबकडीतून बारीक साल निघून सुईभोवती जमत गेली. पुढे बोटाखालचे दणके मऊ झाले, मग बारीकसं काही टोचावं तसं एकदा टोचलं, दोनदा टोचलं, आणि संपलं.

बाजू संपली. घरात काही वाजत नव्हतं.

जिन्यावरून पावलं आली, एका माणसाची. जावईबापू दारात उभे राहिले. रुमालाने बोटांच्या बेचक्या नीट, सावकाश पुसत होते. केस विस्कटले होते, तेवढे त्यांनी मनगटाने मागे सारले. मुठीच्या बाहेरच्या बाजूची कातडी सोललेली होती.

"थांबलात का डॉक्टर?" त्यांचा श्वास अजून वर होता. "छान चाललं होतं. दुसरी बाजू लावा ना."

डॉक्टरांनी जिन्याकडे पाहिलं नाही. तबकडी काठाने धरून उलटली, ब्रशने पुसली, श्वास रोखून सुई टेकवली. बाई गाऊ लागली. आर्म आता जरासुद्धा उडत नव्हता.